सटवाजीची ओवी आणि नियम सातवा

झरी परिसर कला परिषदेचे सचिव चंद्रभान गुरुजी यांना कलेचा नाद होता, पण त्याहून जास्त नाद नियमांचा होता. परिषदेची नियमावली त्यांनी स्वतः लिहिलेली आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती त्यांना जवळजवळ पाठच होती.

परिषदेचं काम तसं कमी नव्हतं. आसपासच्या बारा-पंधरा गावांच्या जत्रांत कोणतं भजनी मंडळ आधी उभं राहील, पेटी-तबला कुणाला द्यायचा, जिल्ह्याच्या महोत्सवाला कुणाचं नाव कळवायचं, हे सगळं परिषद ठरवायची. ठरवताना भांडणं व्हायची. ती मिटवणं हेच परिषदेचं खरं काम, असं पेडगावच्या महिला भजनी मंडळाच्या सुमनबाई म्हणायच्या. अध्यक्ष आबासाहेबांनी तरुणपणी एका नाटकात राजा केला होता. त्याला चाळीस वर्षं झाली, तरी खुर्चीत ते अजून तसेच बसायचे.

यंदा महोत्सवात धनगरी ओवी हवी, असं जिल्ह्याहून पत्र आलं. सुमनबाईंनी लगेच पेडगाव शिवारातल्या सटवाजीचं नाव सुचवलं. पण नाव फक्त सभासदाचं पाठवता येतं, आणि सभासद व्हायचं तर नियम सातवा आडवा येतो: अर्जदाराने कार्यकारिणीसमोर दहा मिनिटे कला सादर करावी.

सटवाजी सोमवारी कार्यकारिणीसमोर आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पायताण दाराबाहेर काढून तो भिंतीला टेकून खालीच बसला. गुरुजींनी अर्ज पुढे ओढला.

"गुरू कोण?"

"बाप. पण त्यानं काई शिकिवलं न्हाई. त्यो म्होरं चालायचा, मी मागं."

"वाद्य?"

सटवाजीनं काठीकडे बघितलं. "हीच."

गुरुजींनी थोडा विचार करून 'काष्ठवाद्य' असं लिहिलं. "बरं, आता म्हणा."

सटवाजीनं घसा खाकरला. वरचा पंखा बघितला, आबासाहेबांकडे बघितलं, भिंतीवरची घड्याळं बघितली, जी दोन होती आणि वेगवेगळी वेळ दाखवत होती.

"न्हाई येत," तो म्हणाला. "हितं कुणाला म्हणू? मेंढरं न्हाईत."

"आम्ही आहोत की," आबासाहेब म्हणाले.

"तुमी हाव. पण तुमी चरत न्हाई."

सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजींनी अर्जावर 'सादरीकरण झाले नाही' असा शेरा मारला आणि सटवाजी राम राम करून निघून गेला. त्याला त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

तो गेल्यावर सुमनबाईंनी विचारलं, "गुरुजी, तुमची परीक्षा कुणी घेतली होती?"

"नोंद असेल की रजिस्टरात."

नोंद होती. कपाटातून एकोणीसशे शहाऐंशीचं पहिलं रजिस्टर निघालं. पहिल्याच पानावर संस्थापक सभासद आणि त्यांची कला. आबासाहेबांच्या नावापुढे 'माडीवरची खोली दिली'. लिंबाजी, 'कंदील आणला'. आणि चंद्रभान, 'अक्षर चांगले'. ते शेवटचं खुद्द गुरुजींच्याच अक्षरात होतं, आणि अक्षर खरोखरच चांगलं होतं.

गुरुजी रजिस्टर मिटून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, अर्ज खिशात ठेवून ते पेडगावच्या रस्त्याला लागले.

सटवाजीचं मेंढरांचं खांड एका रिकाम्या रानात होतं, आणि शेजारी हरभरा. त्याची बायको केवळाबाई कोकरांना पाणी पाजत होती. सटवाजीनं गुरुजींना बसा म्हटलं नाही.

"आलाव तर त्या बांधावर उभं ऱ्हावा. हरभऱ्यात शिरतील."

गुरुजी हात पसरून उभे राहिले. छत्तीस वर्षं पोरं हाकली होती, पण मेंढरं वेगळी निघाली. धाप लागली, सदरा भिजला. आणि मग, कुणी म्हणा न म्हणता, सटवाजीनं आवाज लावला. बिरोबाच्या बाळपणाची कथा होती. ती चालता चालताच निघत होती, मध्येच एखाद्या मेंढीला दिलेली हाक तिच्यात मिसळत होती आणि कथा तशीच पुढे सरकत होती. दहा मिनिटं केव्हाच उलटली. गुरुजींना आपण कुठे उभे आहोत याचं भान उरलं नाही. त्यांना नीट कळेना, पण आपले वडील असेच पुढे चालताहेत असं काहीसं वाटून डोळे भरून आले.

"गुरुजी," केवळाबाई म्हणाली, "ऐकायलाव काय नुसतं? दोन गेल्या की हरभऱ्यात."

पुढच्या बैठकीत गुरुजींनी नियम सातव्याला दुरुस्ती मांडली: कलाकार जिथे गातो तिथे कार्यकारिणीने जावे. आबासाहेबांनी तिथे खुर्ची असेल का एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी घरून ऐकण्याची तयारी दाखवली, पण दुरुस्ती मंजूर झाली आणि सटवाजी सभासद झाला.

महोत्सवाला मात्र तो जाईना. "त्या वक्ताला आमी पूर्णेच्या कडंला असू," म्हणाला. मग गुरुजींनी जिल्ह्याला कळवलं की कलावंत निवडला आहे, तो येऊ शकत नाही, तरी इच्छुकांनी नदीकाठी यावं. आठ दिवसांत उत्तर आलं: तशी तरतूद नाही. उत्तर अगदी नियमाला धरून होतं. गुरुजींना ते मुळीच आवडलं नाही.

महोत्सवाच्या दिवशी सुमनबाई धरून त्यांच्या मंडळातल्या सात बायका भाकरी बांधून घेऊन गुरुजींबरोबर नदीकाठी गेल्या. दुपारभर ओवी चालली. त्या दिवसाचं इतिवृत्त गुरुजींनी लिहिलं आहे: सभासद नऊ हजर, मेंढरं बहुमतात.