सैल पट्टा

बाळ झोपल्याशिवाय तपासणी होत नाही, आणि बाळ काही केल्या झोपत नव्हतं. लेक नातीला खांद्यावर घेऊन थोपटत दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. मी खिडकीपासून पाण्याच्या नळापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. चौदा पावलं जायला, चौदा यायला.

"बाबा, बूड टेका ना जरा. तुम्हाला बघूनच ती जागी राहतेय."

मी बसलो. दोन मिनिटांत परत उठलो.

नात सव्वा महिन्याची. तिसऱ्या दिवशी दोन्ही कान तपासले तेव्हा दोन्हींतून उत्तर आलं नव्हतं. कानात पाणी राहिलं असेल, महिन्याने परत या, असं तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या. तो महिना आज भरला होता आणि माझा जीव नुसता खालीवर होत होता. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

मी कागद कारखान्यात फिटर आहे. एकतीस वर्षं झाली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. हे बेअरिंग आठवड्यात जाणार म्हणून मी सांगतो आणि ते जातं. त्यामुळे साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मला 'कानसेन' म्हणतात.

तर या कानसेनाला ऐकू येत नाही. मशीनची धडधड हाडाला कळते, दाढांना कळते, त्याला कान लागत नाही. माणसांचं बोलणं मी ओठांवरून उचलतो. कारखान्यात दरवर्षी कान तपासतात. हेडफोन लावून बसवतात, शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. बटण दाबणाऱ्याच्या मागे औषधांचं काचेचं कपाट आहे आणि त्या काचेत त्याचं बोट दिसतं. बोट खाली, माझा हात वर. बारा वर्षं मी ताकास तूर लागू देत नाही. बायकोला वाटतं मी मुद्दाम दुर्लक्ष करतो. घरोघरी नवरे बहिरेच असतात, त्यामुळे तिला वेगळी शंका कशाला येईल?

पहिल्या वेळी मॅडमनी विचारलं होतं, घरात कुणाला तरुणपणीच ऐकू कमी येऊ लागलं होतं का? लेक हसली. "आमच्याकडे? बाबांना भिंतीपलीकडच्या मशीनचा खोकला ऐकू येतो!" मॅडमनी कागदावर 'नाही' लिहिलं. मी शेजारीच उभा होतो, मूग गिळून.

आणि वर मी आणखी एक शहाणपण केलं. घरी सगळे रडवेले झालेले बघून म्हटलं, यंत्राचं काय घेऊन बसलात, मी तपासतो. नात झोपली होती त्या लाकडी खाटेच्या कडेवर मुठीने दणकन ठोकलं. नात दचकली, हातपाय झाडले. "ऐकलं की नाही!" मी ओरडलो. "चला, कानसेनांनी पास केलं," जावई म्हणाला आणि लेक कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी कामावर स्क्रू ड्रायव्हर हाडाला लावला आणि लख्ख कळलं. खाट हलली होती. पोरीने ऐकलं नव्हतं, तिला हादरा बसला होता. ज्या वाटेने मी बारा वर्षं जगाला फसवलं, त्याच वाटेने स्वतः फसलो होतो. लेक आज यायचीच नव्हती. 'बाबांनी तपासलंय की,' म्हणत होती. मीच मागे लागून तिला आणलं. तेवढंच धैर्य माझ्यात होतं.

शेवटी नात झोपली. आत बोलावलं.

मॅडमनी तिच्या कानात मऊ रबराचं एक इवलंसं बोंड घातलं. "चांगला कान नुसता ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "आवाज आत गेला की बारीकसा आवाज परतही करतो. तो हे यंत्र टिपतं. बाळाला काही सांगावं लागत नाही."

पडद्यावर हिरवे खांब उभे राहायला हवे होते. उजवा कान झाला. डावा झाला. पडद्याच्या तळाशी नुसती धूळ बसल्यासारखी करडी रेघ. मी लेकीच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

"आत नक्की बिघडतं काय?" मी विचारलं.

मॅडमनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. "आत अशा पेशी असतात, त्यांच्या डोक्यावर बारीक केस. पायऱ्यांसारखे, बुटका, उंच, त्याहून उंच. बुटक्याच्या शेंड्यापासून शेजारच्या उंच केसापर्यंत एक धागा असतो. धाग्याच्या वरच्या टोकाला एक प्रथिन असतं, ते मोटरसारखं काम करतं. केसाच्या आत सारखं वर चढायला बघतं आणि धागा ताणून धरतं. आवाजाने केस हलले की ताणलेला धागा बुटक्याच्या शेंड्यावरचं बारीक दार ओढतो. दार उघडलं की मेंदूला निरोप जातो."

"आणि त्या मोटरमध्येच दोष असला तर?"

"धागा सैल. आवाज येतो, केस हलतात, दार उघडत नाही."

"पट्टा सैल पडल्यासारखं," मी म्हणालो. "इकडचं चाक गरगर फिरतं, तिकडचं ढिम्म."

"अगदी तसंच, आजोबा." त्या लेकीकडे वळल्या. "पण इतक्यात घाबरू नका. पाणी अजून असू शकतं. घरात कुणाला तसं नाही ना, मग तीन महिने थांबू. घरात कुणी असतं तर मी एक दिवस थांबले नसते. मोठी तपासणी याच आठवड्यात केली असती, दोष वंशातून आलाय का ते बघायला रक्तही घेतलं असतं. हेच महिने मेंदू आवाज शिकतो, ते वाया गेले तर भरून काढणं जड जातं."

लेकीने सुस्कारा सोडला. "म्हणजे पाणीच असेल. बाबा, सांगा ना यांना, दचकली होती ना ती?"

मला निवृत्तीला तीन वर्षं होती. बहिरा फिटर कोण ठेवतो? झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आणखी तीनच वर्षं झाकायची होती. पण नातीचे महिनेही तीनच होते. माझे पाय पुन्हा चालू लागले, पण त्या खोलीत चालायला जागाच नव्हती. भिंत लगेच आली.

"ते माझ्या कानात घाला," मी म्हणालो.

"काय?"

"ते रबर. माझ्या कानात."

लेक हसायला लागली. मॅडमनी मात्र रबर बदललं. मी खुर्चीवर बसलो. समोर काचेचं कपाट नव्हतं आणि असतं तरी उपयोग नव्हता. इथे हात वर करायचा नव्हता, उत्तर कानालाच द्यायचं होतं.

करडी रेघ. दोन्हीकडे.

"यंत्रच बिघडलंय," लेक म्हणाली.

"यंत्र ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "आजोबांचं वय, त्यात कारखान्याचा आवाज. त्याने हे होतंच. त्याचा बाळाशी संबंध नाही."

सुटलो होतो. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. माझी मान हलायलाही लागली होती.

"कारखान्याच्या आधीपासून आहे," मी म्हणालो. "विशीपासून कमी होत गेलं, बारा वर्षांपूर्वी पुरतं गेलं. माझ्या आईलाही होतं. तिशीतच तिला ओरडून सांगावं लागायचं. लोक तिला खुळी म्हणायचे. खुळी नव्हती ती. तिला ऐकू येत नव्हतं, आणि मीही ते कुणाला सांगितलं नाही."

लेकीने बाळाचं दुपटं उचललं आणि स्वतःच्या तोंडासमोर धरलं. दुपटं किंचित हललं. मग तिने ते खाली घेतलं.

"मी काय म्हणाले?"

एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. 'बरं', 'बघू', 'तुझ्या आईला विचार'. बारा वर्षं तेवढ्यावर निभावलं होतं.

"नाही ऐकू आलं," मी म्हणालो.

मॅडमनी फाइल ओढली. 'नाही' वर काट मारली. शेजारी लिहिलं: आजोबा, पणजी. मग कुणाला तरी फोन लावला.

बाहेर पडताना मी सवयीने बाळाला घ्यायला हात पुढे केले. लेकीने दिलं नाही. ती भराभरा पुढे निघाली आणि मी मागून, गुन्हेगारासारखा. तिची मान मध्येच हलत होती, म्हणजे ती बोलत होती, चांगली तावातावाने. ते माझ्यासाठीच होतं एवढं कळत होतं.

दारापाशी ती थबकली. पाठमोरं बोलण्यात अर्थ नाही हे तिच्या त्या क्षणी लक्षात आलं असावं. ती परत आली, माझ्या अगदी समोर उभी राहिली. डोळे लाल झाले होते. एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"गुरुवारी. सकाळी नऊला. तुमचंही रक्त घेणार आहेत."