माजी सासूबाई

हिद्दे आणि आफ्केचा घटस्फोट झाला तेव्हा घर आफ्केनं विकलं, होडी हिद्देनं विकली आणि आफ्केची आई यिक्केबाई मात्र हिद्देच्या वाट्याला आल्या. आमच्या गल्लीत सगळे हे हसून सांगायचे. हिद्देही हसायचा. यिक्केबाई हसायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "मी कुणाच्या वाट्याला जात नाही. तोच येतो माझ्या वाटेत."

मी त्यांच्या शेजारच्या दारात राहते, भिंत पातळ आहे, त्यामुळे बरंचसं कानांवर आपसूकच पडलं.

यिक्केबाईंनी उमेदीची सगळी वर्षं आमच्या हार्लिंगेन गावातल्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात घालवली. हातात लांब काठी घेऊन त्या काठावरून चालायच्या आणि कुणी कडेला धरलं की बोटांवर टोचायच्या. गावातले निम्मे लोक अजून त्यांना बघून ताठ उभे राहतात. अशा बाईच्या ऐन हिवाळ्यात अर्ध्या अंगावरून वारं गेलं. डावा हात निकामी झाला, पाय ओढत राहिला. आफ्के नॉर्वेत नव्या नवऱ्याकडे. फोनवर म्हणाली, "आई, मी येते." यिक्केबाई म्हणाल्या, "येऊन काय करशील? रडशील. रडणारी माणसं मला सोसत नाहीत."

हिद्दे दोन दिवसांसाठी म्हणून मागच्या खोलीत राहायला आला आणि राहिलाच. तो शिडं शिवणारा. त्याचा कारखाना बंद पडला होता, बेकारीचा भत्ता चालू होता. भत्त्याची अट अशी की काम शोधत राहायचं, आठवड्याला अर्ज करायचे, बोलावलं तिथं मुलाखतीला जायचं. सकाळी नर्स येऊन यिक्केबाईंची आंघोळ उरकून जायची. बाकी सगळं हिद्दे करायचा.

"सासूबाई, तोंड उघडा."

"माजी म्हण. आणि बटाटे कच्चे आहेत."

"माजी सासूबाई, तोंड उघडा."

एकदा मी सूप घेऊन गेले तर बाई चष्मा लावून वर्तमानपत्र बघत होत्या. "नाचाच्या शाळेत माणूस हवाय बघ," त्या हिद्देला म्हणाल्या.

"मी नाचू?"

"फरशी पुसायला रे, गाढवा."

त्यांनी त्याला बजावूनच ठेवलं होतं, "तू मला सांभाळतोस असं कुणाजवळ बोललास तर बघ. मी तुला आसरा दिलाय. लोकांना तसंच सांगायचं." हिद्दे लोकांना तसंच सांगायचा.

वसंतात त्याला माक्कुमहून बोलावणं आलं. शिडांचाच छोटा कारखाना, भत्त्याच्या ऑफिसनं जुळवून दिलेला. हिद्दे इतका खूश की त्यानं शर्टाला दोनदा इस्त्री केली.

"कॉलर बकरीनं चघळल्यासारखी दिसतेय," यिक्केबाई म्हणाल्या. मग त्याला जवळ बोलावून एका हातानं ती नीट केली. "जा. आणि खांदे पाडून बसू नकोस."

नर्स घरात आहे या भरवशावर तो निघाला. नर्स आपलं काम आटोपून गेली. आणि बाईंनी एका हातानं चाकांचा वॉकर ढकलत बंदराची वाट धरली. काम मिळवून येणाऱ्या माणसाला ताजी कोळंबी खाऊ घालायची असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. धक्क्यापर्यंत पोचल्या, दम लागला म्हणून पायरीवर टेकल्या, आणि उठताच येईना. वारा असा की माणूस गोठावा. हाक मारायची तर लाज आड आली. कोळंबीवाल्या दाउवेनं पाहिलं तेव्हा ओठ निळे पडले होते. त्यानं अंगावर आपला कोट टाकला आणि हिद्देला फोन लावला.

माक्कुममध्ये मालक हिद्देला नुकताच शिवणयंत्र दाखवत होता. हिद्देनं फोन ऐकला, "माफ करा, मला जायला हवं," एवढंच म्हणाला आणि टोपी तिथंच विसरून निघाला.

घरी त्यानं बाईंचे पाय गरम पाण्यात ठेवले. चोळता चोळता म्हणाला, "कोळंबी कशाला हवी होती?"

"तुला आवडते ना."

"मला नाही आवडत. आफ्केला आवडते."

"मग इतकी वर्षं माझ्याकडे येऊन का खात होतास?"

"तुम्ही सोलून द्यायचात म्हणून."

बाईंनी दुसरा पाय पुढं केला.

आठवड्यानं ऑफिसातून फोन आला. मुलाखत अर्धवट का सोडली? हिद्दे म्हणाला, "पोट बिघडलं होतं." पलीकडून सांगितलं, समोर येऊन खुलासा करा, नाहीतर भत्ता कापावा लागेल. यिक्केबाईंनी खुर्चीतून सगळं ऐकलं.

"कुणाचं पोट?"

"माझं."

"खोटं बोलायला तरी शिक. कधी जायचंय? मीही येते."

"तुम्ही कशाला?"

"तू तिथं बसून पुन्हा पोटाचं निमित्त काढशील म्हणून."

लेउवार्डनच्या ऑफिसात सेव्दा नावाची तरुण बाई होती. चाकांच्या खुर्चीतल्या म्हातारीकडे बघून ती जरा गोंधळली. "या तुमच्या आई?"

"नाही," हिद्दे म्हणाला. "तसं नातं काहीच नाही. यांच्या मुलीशी माझा घटस्फोट झालाय."

"माझी मुलगी याच्यापासून सुटली," यिक्केबाई म्हणाल्या. "मी नाही सुटले."

सेव्दाला हसू आवरेना. मग तिनं खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "आजी, हे तुमचं काय काय करतात?"

हिद्दे मध्येच म्हणाला, "विशेष काही नाही, मी तर यांच्याकडे..."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. हिद्दे मला नंतर म्हणाला, त्या क्षणी त्याला उठून निघून जावंसं वाटलं. मग त्या बोलल्या, एकेक शब्द दातांतून ओढून काढावा तशा. "मला बूट घालता येत नाहीत. पाव कापता येत नाही. याला हाक मारल्याशिवाय संडासाला जाता येत नाही. आणि त्या दिवशी मी धक्क्यावर बसले होते, हा आला नसता तर तिथंच बसले असते. पोट वगैरे काही नाही. लिहा असं."

सेव्दा हळूच म्हणाली, "अहो, अशा वेळी काम शोधण्यातून सूट मिळते. माणूस नात्यातला नसला तरी चालतं. तुम्ही मागितली का नाहीत?"

हिद्देनं खांदे उडवले. "कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

"मी," यिक्केबाई म्हणाल्या. "आता मीच मोडते."

सूट मिळाली, काही महिन्यांची. पुढं पुन्हा बघू असं ठरलं. भत्ताही कापला नाही. तो उन्हाळा मला भिंतीपलीकडून आठवतो तो पत्त्यांच्या भांडणांचा. बाई एका हातानं पत्ते धरायच्या आणि दोन्ही हातांनी लबाडी करायच्या. दुपारी तो त्यांना समुद्राच्या बांधावर फिरवून आणायचा. कुणी विचारलं, हा कोण, तर आता त्या सरळ सांगायच्या, "मला सांभाळतो. वाईट नाही सांभाळत."

पानगळीच्या सुमारास त्यांनी त्याच्या नकळत वृद्धाश्रमात जागा घेतली. हिद्दे चिडला, चक्क ओरडला. "माझं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर केव्हाच हाकललं असतं," त्या म्हणाल्या. "तुझे हात शिवणाऱ्याचे आहेत. ते किती दिवस माझी लापशी ढवळणार? मलाही बघवत नाही."

माक्कुमची जागा तोवर भरली होती. त्याला फ्रानेकरला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं काम मिळालं. शिडांची मजा त्यात नाही, तो म्हणतो, पण सुई तीच. दर शनिवारी तो आश्रमात जातो. मागच्या आठवड्यात मीही बरोबर होते. दारातच परिचारिकेनं विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?"

हिद्दे तोंड उघडणार तोच आतून आवाज आला, "जावई आहे माझा! आत पाठवा त्याला, आणि पाय पुसून यायला सांगा."