वानोळ्याचा वाटा

"मंजुश्री हाये का वं?"

दारातून अशी हाक आली की सुचिताच्या कपाळाला आठी पडायची. घर तिचं, ओसरी तिची, ओसरीत मांडलेलं शेवयांचं मशीन निम्मं तिचं, आणि हाक मात्र मंजुश्रीच्या नावाची. "मी हाये ना," ती आतून म्हणायची. बाई दारातून डोकावायची, "बरं," म्हणायची, आणि पिठाचा डबा मांडीवर घेऊन मंजुश्रीची वाट पाहत बसायची.

मशीन दोघींनी मिळून घेतलं होतं. जानेफळला उन्हाळा लागला की घरोघरी शेवयांची घाई सुरू होते, आणि मंजुश्री ही शाळेपासूनची मैत्रीण. बुलढाण्याला बी.कॉम. झालेल्या सुचितानं भागीदारीच्या अटी आधीच घालून ठेवल्या. खर्च निम्मा, लाइट बिल आधी बाजूला, उरेल ते निम्मं. पैशावरून दोघींत कधी शब्दाला शब्द लागला नाही.

कामाचीही वाटणी होती, पण ती सुचिताच्या तान्ह्या लेकीनं, रेवानं केली होती. लेकरू रांगत कुठंही जायचं. मशीनच्या पट्ट्यात तिचं बोट गेलेलं सुचिताला भर दिवसा डोळ्यांसमोर दिसायचं. त्यामुळं मशीन सुरू झालं की ती रेवाला घेऊन आतल्या खोलीत, दाराला कडी. आत बसून ती पीठ मळायची, वाळलेल्या शेवया डब्यांत भरायची. पुढं मंजुश्री. जाळीतून उतरणाऱ्या शेवया हातावर झेलायची, बायांशी बोलायची, हसवायची. दाराच्या फटीतून सुचिताला सगळं ऐकू यायचं. कोणाची सून माहेरी बसली, कोणाच्या घरी लग्न निघालं. मध्येच मोठा हशा उठायचा आणि कशावर उठला ते नेमकं कळायचं नाही.

तेही तिनं सोसलं असतं. पण मग वानोळा यायला लागला.

घरचं काही चांगलं निघालं की थोडं ओळखीच्या घरी नेऊन द्यायचं, हा या गावातला जुना रिवाज. शेवया न्यायला आलेली बाई पदराखालून काहीतरी काढायची. झाडाच्या कैऱ्या, बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या, वावरातले उन्हाळी कांदे. "मंजुश्री, घे वो माय, तुह्यासाठी आणलं." संध्याकाळी मंजुश्री भरली पिशवी घेऊन घरी जायची. जाताना मूठभर रेवाच्या हातात द्यायची, आणि त्या मूठभराचंच सुचिताला जास्त लागायचं.

एक दिवस तिनं बोलूनच टाकलं.

"मंजे, हे जे येते ते मशीनपायीच येते ना? मंग ते दोघींचं झालं."

मंजुश्री पिशवीची गाठ बांधत होती. तिनं मान वर केली.

"कैऱ्याईचं म्हणून राह्यली तू?"

"सगळ्याचंच. मशीन माह्याच घरी चालते. त्या बाया माह्या ओसरीत बसतेत."

"अन् 'शेवया चांगल्या निंगाल्या बाई' म्हणून मले म्हणतेत, त्यातलंबी अर्धं घेशील?" मंजुश्री हसली. सुचिता हसली नाही. तेव्हा मंजुश्रीनं गाठ सोडली आणि पिशवी जमिनीवर उपडी केली. "घे. तुले वाटे पडाले पाह्यजे ना, पाडू वाटे."

दुसऱ्या दिवसापासून वाटे पडायला लागले, आणि तेही बायांच्या देखत. कोणी काही हातावर ठेवलं की मंजुश्री आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणायची, "सुचिताबाई, या. वाटा करायचा हाये." कांदे दोन ढिगांत. कैरी एखादी जास्तीची असली तर विळीवर मधोमध. आणणारी बाई आपल्या कैरीचे दोन तुकडे होताना बघत राहायची. एकजण म्हणाली, "हे काय नवीन वो?" मंजुश्री म्हणाली, "कंपनीचा नियम हाये."

सुचिताच्या घरी आता कैऱ्यांचा ढीग लागला. तिनं लोणचं घातलं, पन्हं केलं. पण पन्ह्याचा पेला तोंडाला लावला की वाटायचं, हे आपल्याला कोणी दिलेलं नाही, आपण घेतलेलं आहे. मग बायांचं आणणंच कमी झालं. पदराखालचे हात पदराखालीच राहायला लागले, आणि मंजुश्री रिकाम्या पिशवीची घडी घालून काखेत मारायची.

अशात एका दुपारी मंजुश्री तिच्या धाकट्या पोराला घेऊन मेहकरला दवाखान्यात गेली होती. मशीन बंद होतं, म्हणून ओसरीचं दार मोकळं आणि रेवा सुचिताच्या मांडीवर. भिमाबाई आली. म्हाताऱ्या बाईची नात लग्नाची होती, तिच्या रुखवताच्या शेवया करायच्या होत्या.

"मंजुश्री नाई आज," सुचिता आधीच म्हणाली.

"नसू दे. मी पीठ ठेवून जातो." भिमाबाई टेकली आणि तिनं रेवाच्या दंडाला हात लावला. "लेकरू काऊन वाळलं वो?"

सुचिताचे डोळे भरून आले. दात येत होते, रेवा घास तोंडात घेऊन थुंकून टाकत होती, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती सांगत बसली. भिमाबाई ऐकत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवया करून घ्यायला म्हातारीची सून आली, पण त्याच्या आधीच, झाडलोट चालू असताना, म्हातारी स्वतः मागच्या दारानं येऊन गेली होती. हातात तुपाची लहान बरणी. "पोरीच्या घासाले लावत जाय. तुह्यासाठी आणलं."

तुह्यासाठी. सुचितानं बरणी उघडून वास घेतला. रवाळ, म्हशीचं, ताजं कढवलेलं. मग तिनं ती तुरीच्या डाळीच्या डब्यामागं सरकवली. सरकवताना मनात हिशेबही मांडला. हे मशीनपायी आलेलं नाही, रेवापायी आलं, आणि रेवा काही भागीदारीत नाही. हिशेब बरोबर होता. तरी डबा तिनं पुन्हा जरा पुढं ओढला, बरणी पुरती झाकली जावी म्हणून.

मंजुश्री आली ती थेट रेवाला उचलायला. उचललं, हनुवटीशी नाक नेलं.

"तूप खाल्लं वाटते आज बाईसाहेबानं."

"घरचंच हाये," सुचिता म्हणाली.

तिच्या घरी दूध पिशवीचं येतं, हे मंजुश्रीला ठाऊक होतं. तिनं लेकरू खाली ठेवलं आणि ती मशीनकडं वळली.

तिसऱ्या प्रहरी भिमाबाई वाळलेल्या शेवया न्यायला आली. दोघी ओसरीतच होत्या. म्हातारी शेवया बोटांत मोडून बघत सहज म्हणाली, "तूप लावलं का पोरीले? खाल्लं का तिनं?"

"खाल्लं," सुचिता म्हणाली. मंजुश्री जाळी धूत होती, ती धूतच राहिली. भिमाबाई डबा घेऊन गेली तेव्हा मंजुश्रीनं हात पुसले.

"आण."

"मंजे, ते लेकरासाठी दिलं तिनं."

"माह्या घरी नेलेल्या कैऱ्या काय मी खात होती? पोट्टेच खात होते दोघं. आण."

सुचितानं बरणी आणली. मंजुश्रीनं आपला जेवणाचा डबा काढला, वाटी घेतली. एक वाटी इकडं, एक तिकडं. तिनं हात आखडला नाही, की ढिलाही सोडला नाही. सुचिता बघत उभी राहिली. आपण घातलेली अट दुसऱ्याच्या हातात अशी दिसते, हे तिला माहीत नव्हतं.

"राहू दे ना," ती शेवटी म्हणाली. "उद्यापासून जिचं तिले. वाटे बंद."

"आता काऊन? आता तुले येऊन राह्यलं म्हणून?"



रेवा रांगत येऊन मंजुश्रीच्या गुडघ्याला धरून उभी राहिली होती. मंजुश्रीनं डब्यात बोट बुडवलं आणि तिच्या तोंडात दिलं. "हे माह्या वाट्यातलं हाये बरं. मायनं इचारलं त सांगजो."

रेवानं बोट चोखलं आणि पुन्हा आ केला. सुचितानं घाईनं आपल्या बरणीत बोट घालून पुढं केलं. तेच तूप, तोच रवा. रेवानं त्या बोटाकडं पाहिलं, मान फिरवली आणि मंजुश्रीकडं बघून आ केला.

"जाय, मायकडं जाय," मंजुश्री म्हणाली. आवाज मऊ होता, पण सुचिताकडं तिनं पाहिलं नाही. तिनं लेकराला उचलून सुचिताच्या कडेवर दिलं. रेवाची मूठ मंजुश्रीच्या पदरात अडकली होती, ती सुचितानंच सोडवली. एकेक बोट सोडवावं लागलं.

बाहेर चपला वाजल्या.

"मंजुश्री हाये का वं?"

मंजुश्री डब्याचं झाकण लावत राहिली, लागलेलं झाकण पुन्हा दाबत.

"हाये," सुचिता म्हणाली. ती पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाली, "हाये ना. इथंच हाये. ये आत."

मग रेवाला घेऊन ती आतल्या खोलीत गेली. कडी तिनं लावली नाही. दार नुसतं लोटलं आणि फटीला कान देऊन उभी राहिली. मंजुश्री मशीन केव्हा सुरू करते, याची वाट बघत.