गोलखांबाने पाहिलेले शालिकभाऊ

मित्रांनो, मी एक जुना गोलखांब, अस्सल बाभळीचा. अकोल्याच्या जठारपेठेजवळच्या फुटबॉलच्या मैदानावर डाव्या अंगाला उभा आहे. माझा जन्म बाळापूरच्या वाटेवरचा. तोडून आणलं तेव्हा वाटलं, बंडीला, म्हणजे बैलगाडीला लागेन, चार गावं पाहीन. पण पोरांनी मला खड्ड्यात पुरलं आणि डोक्यावर आडवा बांबू बांधला. तेव्हापासून जागचा हललो नाही. स्वभाव मात्र भारी चौकस. एवढ्या कष्टानं माझ्यापर्यंत आणलेला चेंडू लगेच पुन्हा मैदानाच्या मधोमध का नेऊन ठेवतात, हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटलं नाही.

मग शालिकराम खेळायला आला आणि मी कोडंबिडं विसरलो. त्याच्या घरी भाजीपाल्याचा मळा होता. पाटाचं पाणी वळवताना पायाच्या आतल्या बाजूनं चिखल दाबायची त्याला सवय, चेंडूलाही तो तसाच पाय लावायचा. पायात बूट नाहीत, काही नाही. गोलकीपर पलीकडे झेप घ्यायचा आणि चेंडू मला चाटून आत जायचा. लोकांनी त्याला अगदी डोक्यावर घेतलं होतं.

एका सामन्याआधी त्याचा गुडघा सुजलेला मी पाहिला. तो कुणाला बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्या दिवशी त्यानं जिंकून देणारा गोल मारला आणि माझ्यापाशीच कोसळला. पोरांनी त्याला खांद्यावर उचलून नेलं. मला वाटलं, आनंदानं नेताहेत. पुढे तो कधीच धावताना दिसला नाही, तेव्हा उमगलं की त्या दिवशी त्याला चालताच येत नव्हतं.

काही वर्षं गेली. मला वाळवी लागली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एके दिवशी लंगडत लंगडत शालिकराम आले. आता ते पोरांना शिकवणार होते. आल्या आल्या त्यांनी माझ्या बुडाला डांबर फासलं. पोरं त्यांना शालिकभाऊ म्हणू लागली. बैल घेताना माणूस चाचपतो, तसे ते रोज एकेकाचे पाय चाचपायचे. चेंडू सोडून हे पायांकडेच काय पाहतात, याचं मला मोठं नवल वाटायचं.

उत्तर मिळालं ते अमरावतीच्या संघाबरोबरच्या अंतिम सामन्याला. बक्षीस द्यायला नागपूरहून मोठे साहेब आले होते. आपल्या संघाची सगळी भिस्त देवीदासवर, शालिकभाऊंनीच घडवलेल्या तरण्याबांड सेंटर फॉरवर्डवर. सामन्याआधी तो मला टेकून गुडघ्याची पट्टी आवळत होता. पट्टीतून सुजेवर बांधायचं शेकलेलं एरंडाचं पान डोकावत होतं, ते शालिकभाऊंनी पाहिलं.

"दुखून राहिलं का, देवीदास?"

"नाई भाऊ. आज खेळतो, उद्या पाहू."

शालिकभाऊंनी गुडघा हलकेच दाबला. देवीदासच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तू आज खेळत नाईस," शालिकभाऊ म्हणाले.

संघाचा खर्च करणारे केशवराव तावातावानं आले. "पोट्टा धड उभा हाय, अन् तू त्याले बसवून राहिला? हारलो तं उद्यापासून मैदानात पाय ठेवू नको."

"नाई ठेवत," शालिकभाऊ म्हणाले.

आणि खरंच हरलो. ज्या गोलानं हरलो, तो माझ्याच बाजूनं आत गेला, मला फार वाईट वाटलं.

"काहून बसवलं मले?" देवीदास रडत म्हणाला. "मी असतो तं कप आपला होता."

"असन. पण कप दरसाली येते, बापू. गुडघा एकदाच भेटते."

देवीदास तोंड फिरवून निघून गेला. केशवरावांनी आपला शब्द खरा केला. शालिकभाऊ येईनासे झाले आणि मैदान मला ओकंओकं वाटू लागलं.

पोळा झाल्यावर देवीदास एकटाच आला. सगळं मैदान धावला, वळला, पुन्हा धावला. गुडघा ठणठणीत होता. मग तो तडक मैदानाच्या कडेला आलेल्या केशवरावांसमोर उभा राहिला. "शालिकभाऊ नसतीन तं मी बी खेळत नाई," एवढंच म्हणाला. "जा, घेऊन ये त्याले," केशवराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी देवीदास शालिकभाऊंचा हात धरून त्यांना मैदानात घेऊन आला.

आता माझ्या जागी लोखंडी खांब येणार म्हणतात. येवोत. मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्यातला कुणी लंगडताना दिसला तर त्याला विचारा, दुखतं का? आणि तो नाही म्हणाला, तरी एकदा हात लावून पाहा.