ड्रायव्हरचा मान

मेहकरहून जानेफळकडे येताना एका वळणावर, पुलाच्या तोंडाशी, काळा दगड उभा आहे. त्यावर चार नावं आहेत. खाली ‘सौजन्य : जानराव आणि परिवार’. मेलेल्यांच्या नावांपेक्षा सौजन्याची अक्षरं मोठी. दुसरं नाव सुवर्णाचं, माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं. मधल्या ओळीत ‘अपघाती निधन’ कोरलंय. जशी काही आभाळातून वीज पडली आणि चार माणसं गेली.

वीजबीज काही पडली नव्हती. तीन वर्षांपूर्वी देवानंदचं लग्न होतं. देवानंद म्हणजे जानरावकाकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. नवरी धामणगाव बढेची. लग्न लागलं, पंगती उठल्या आणि वऱ्हाड परत निघायच्या आधी काकांनी ड्रायव्हरचा मान केला. मान म्हणजे टॉवेल, नारळ आणि टॉवेलात गुंडाळलेली बाटली. ड्रायव्हर रुसला तर वाटेत रखडवतो, ही आमच्या लोकांची पक्की समजूत. म्हणून ज्याच्या हातात सगळ्यांचा जीव, त्यालाच आधी पाजायची. त्या ड्रायव्हरनं, राजकुमारनं, घर कोसभर उरलं असताना गाडी पुलाच्या कठड्यावर घातली. तो वाचला. कपाळाला टाके पडले, बस. त्याच्यावरची केस अजून कोर्टात चालू आहे. सुवर्णाच्या मांडीवरची मनाली वाचली. सुवर्णा नाही वाचली.

मी त्या वऱ्हाडात नव्हते. आई होती, तिनं टॉवेलातली बाटली डोळ्यांनी पाहिली होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, “त्यानं कुठून आणली, आमाले काय माहीत.” आईनं पदर तोंडाला लावला आणि गप्प राहिली. बाबा गेल्यापासून आमचं शेत काकाच वाहतात. गप्प बसायला एवढं पुरतं.

तर परवा तिसरं वर्ष होतं. काकांनी गोकुळची गाडी सांगितली. मागे दोन बाकडी, वर ताडपत्री. गोकुळ गावातलाच, काडीसारखा माणूस, तोंडात कायम सुपारी. खिरीचं पातेलं, हार, मेणबत्त्या, म्हाताऱ्या बाया असं सगळं कोंबून आम्ही भर उन्हात निघालो. आई माझ्या शेजारी, मनाली माझ्या मांडीवर. ती आता पाच वर्षांची आहे. गाडी खड्ड्यात आदळली की ती माझा दंड गच्च धरायची, आणि मी गोकुळच्या मानेकडे बघत राहायचे. मान सरळ होती. जाताना तो शुद्धीत होता, हे मी लिहून देते.

वळणावर उतरलो. बाया दगड पुसायला लागल्या. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकदा रस्त्याकडे बघायचं, एकदा मनालीकडे, एकदा गाडीकडे. गाडीच्या पलीकडे देवानंद आणि गोकुळ उकिडवे बसलेले दिसले. देवानंदच्या हातात नवा टॉवेल होता. लाल काठाचा.

टॉवेल बघितला आणि मी तिकडे जायला निघाले. पण मनाली म्हणाली, “मावशी, मेनबत्ती इझून राह्यली,” म्हणून मी वळले. वारा होता. तिनं दोन्ही तळवे ज्योतीभोवती धरले. एवढीशी पोर, आईच्या नावाखाली बसून वारा अडवत होती. मी पुन्हा मान वर केली तोवर गोकुळ तोंड पुसत येत होता. टॉवेल त्याच्या खांद्यावर होता.

मी सरळ गाडीकडे गेले. चावी गाडीलाच लटकत होती. काढली, मुठीत घेतली आणि परत येऊन हात जोडणाऱ्यांत उभी राहिले. मुठीत चावी ठेवून हात जोडता येत नाहीत. मी नाही जोडले.

काका पुढे उभे. पांढरा सदरा, पांढरी टोपी. आवाज खणखणीत, वंदना घ्यावी तर त्यांनीच. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलं शील, हिंसा करणार नाही. सगळे मागून म्हणाले. दुसरं, तिसरं. चौथं, खोटं बोलणार नाही. ते काकांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं, की रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं मान वळवून पाहिलं. पाचवं दारूचं, ते अजून म्हणायचं होतं. दारू आणि नशा यांच्यापासून दूर राहीन. सगळ्यात मागे गोकुळही हात जोडून उभा होता. वाऱ्यानं त्याचा वास माझ्यापर्यंत आणला.

काकांनी पाचव्याला तोंड उघडलं आणि मी ओरडले, “थांबा!”

“काय झालं वं?” काका वळले. “वंदना चालू हाय, समता.”

“पाचवं म्हणू नका. आधी सांगा, गोकुळले कोणं पाजली?”

मग गोकुळच बिचारा पुढे झाला. “ताई, दोनच घोट. मले चढत नाई. उलट हात मोकळे चालतात.”

“राजकुमारचेही मोकळे चालले होते. थो पाहा कठडा.”

“आता भरल्या कार्यक्रमात तमाशा करतं का?” काकांचा चेहरा तापला. “ऊन किती हाय! माणूस आपल्यासाठी आला. त्याचा मान नोको ठेवायले?”

“त्याले ताक पाजा ना. लिंबाचं सरबत पाजा. काऊन दारूच?”

“रीत हाय ते.”

“रीतीनंच मेली सुवर्णा?”

“तोंड सांभाळ. मी बांधला हा दगड. मी! तुह्या बहिणीसाठी.”

“दगड बांधला आन् बाटलीही तुम्हीच दिली. तेव्हाही अन् आताही.”

“पुरावा हाय का तुह्याजवळ?” काका एकदम थंड आवाजात म्हणाले. हा त्यांचा जुना डाव. तीन वर्षं चाललेला. मी देवानंदकडे पाहिलं. तो चपलेनं माती उकरत होता.

“देवा, बोल ना बे,” मी म्हणाले. “तुह्याच लग्नाचं वऱ्हाड होतं.”

“आताही बाबानंच सांगतलं म्हणून देली,” तो मातीलाच म्हणाला. “टॉवेलात गुंडाळून दे म्हणे.”

“गप रे, भाड्या!” काका ओरडले. मग माझ्याकडे हात केला. “चाबी आण. गोकुळ, गाडी काढ. बसा सगळे.”

आणि खरं सांगते, लोक हलले. एक म्हातारी पातेलं उचलून गाडीकडे निघालीसुद्धा. मला तेव्हा काकांपेक्षा त्या पातेल्याचा जास्त राग आला. काय माणसं आहेत आम्ही! आताच सगळं ऐकलं, तरी बसायला निघाली. एकानं मनालीला उचललं, गाडीत ठेवायला. पोरगी माझ्याकडे बघून किंचाळली.

तिला आईनं काढून घेतलं. पंचफुला, माझी आई, जिनं तीन वर्षं पदर तोंडावरून काढला नव्हता. मनालीला कडेवर घेऊन ती दगडाच्या ओट्यावर बसली, सुवर्णाच्या नावाला पाठ टेकून.

“ही पोरगी त्या गाडीत बसनार नाई,” ती म्हणाली. “मीही नाई.”

“वहिनी, तुमी तरी...”

“मी पाह्यली होती बाटली, भाऊजी. लाल काठाचा टॉवेल होता. आताही तसाच आणला तुमी. दुसरा तरी आणायचा होता.”

आईनं मनालीच्या तोंडावरचा घाम पदरानं पुसला.

“येत्या तारखेले मी कोर्टात सांगनार. शेत काढून घ्या, पाहिजे तर.”

पातेलं घेतलेली म्हातारी थांबली. तिनं ते पुन्हा खाली ठेवलं. गोकुळनं खांद्यावरचा टॉवेल काढून ओट्यावर टाकला आणि जरा लांब जाऊन बसला. तो रडत होता की घाम पुसत होता, कळलं नाही.

“आता जायचं कसं घरी?” देवानंदनं विचारलं.

“पायी,” आई उठली. “कोसभर तं हाय.” दोन पावलं गेली आणि वळली. “भाऊजी, पाचवं राह्यलं. म्हना आता. आमी आयकतो.”

काका दगडापुढे उभे होते. हात अर्धवट जोडलेले. आई वाट बघत थांबली, मग चालू लागली.

डांबर चपलांना चिकटत होतं. मनाली कधी आईच्या कडेवर, कधी माझ्या. म्हाताऱ्या मागून शिव्या देत येत होत्या, उन्हाला की मला, देव जाणे. देवानंद पातेलं डोक्यावर घेऊन सगळ्यात मागे. चावी माझ्या मुठीत रुतली होती, पण वायर जोडून गाडी चालू करणारे हात आमच्याकडे गल्लीगल्लीत आहेत. मागून कुठलीही घरघर आली की मी मनालीला ओढून रस्त्याच्या खाली उतरायचे. एक ट्रक गेला. एक एसटी गेली. मग बराच वेळ काहीच आलं नाही, तरी मी दर वळणावर मागे बघत होते.