पावणेतीन किलोंचा, रत्नव्वांच्या पसंतीचा

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि जाडाही आहे. हे दुसरे विशेषण मी पूर्वी लपवत असे, आता मिरवतो. माझे वजन पावणेतीन किलो. पाठीमागे दोन रुंद जाळ्या, आत दोन पंखे. पहिली तीन वर्षे मी पुण्यातल्या एका कचेरीत यंत्रांची चित्रे काढली. मग कचेरीने नवे लॅपटॉप घेतले आणि आम्हा चाळीस जणांना टेम्पोत भरून विकून टाकले. मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दुकानात, सर्वांत खालच्या फळीवर येऊन पडलो. वरच्या फळीवर नवे, चंदेरी, बोटाएवढे बारीक लॅपटॉप होते. गिऱ्हाईक आत आले की त्यांच्याकडेच बघायचे. मला राग यायचा, खोटे कशाला सांगू?

एका सकाळी पेठ वडगावहून रत्नव्वा आणि त्यांची मुलगी सुष्मिता दुकानात आल्या. सुष्मिताला मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. रत्नव्वा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कोअर बनवतात. लोखंडी वस्तूच्या पोटात जिथे पोकळी हवी, तिथे साच्यात आधी वाळूचा गाभा ठेवतात, तोच हा कोअर. लोखंडाचा तापलेला रस ओतला की वाळूतून गॅस सुटतो. त्याला बाहेर पडायला वाट नसली, तर लोखंडात फुगे अडकतात आणि माल भंगारात जातो. म्हणून रत्नव्वा प्रत्येक कोअरमध्ये तार खुपसून गॅससाठी वाट करतात. एकवीस वर्षे त्यांचे हेच काम आहे.

"घ्यायचा त्यो एकदाच," त्या दारातच म्हणाल्या. "चार वर्सं टिकाय पायजे. मधीच बंद पडला तर दुसरा मिळायचा न्हाय."

दुकानदार धैर्यशील यांनी वरचा चंदेरी लॅपटॉप काढला. सुष्मिता तर बघतच राहिली. रत्नव्वांनी मात्र तो सरळ पालथा घातला.

"पावणं, ह्यो तापल्यावर गरम वारं कुठनं बाहेर पडतंय?"

"मावशी, ह्यो तापतच न्हाय की!"

"काम केल्यावर समदंच तापतंय. दोन्ही चालू करून दावा. ह्यो, आन् त्यो खालचा जाडा."

"अव्वा, लॅपटॉप असा बघत न्हाईत गं," सुष्मिता आईच्या कानाशी पुटपुटली.

धैर्यशील यांनी हसत हसत आम्हा दोघांवर इंजिनाचे एकच मोठे चित्र लावले आणि ते फिरत ठेवले. रत्नव्वा स्टुलावर बसल्या. एक हात त्याच्या पाठीमागे, एक माझ्या. तासभर त्या हलल्या नाहीत. चंदेरी आतल्या आत तापला आणि त्याच्यावरचे इंजिन अडखळू लागले. माझ्या जाळ्यांतून गरम वाऱ्याचा झोत सुटला होता आणि माझे इंजिन सुरळीत फिरत होते.

"ह्येचं वारं मोकळं हाय," रत्नव्वा म्हणाल्या. "ह्योच द्या."

माझ्यासाठी कुणी दुकानात तासभर बसले होते, मित्रांनो! तो तास मी अजून विसरलेलो नाही. सुष्मिता मात्र वडगाव येईपर्यंत एसटीत चंदेरीसाठी फुगून बसली होती.

कॉलेजात मैत्रिणी मला 'पाटा' म्हणायच्या. "सुष्मे, वरवंटा घरीच राहिला काय?" असे विचारून खिदळायच्या. पण परीक्षेच्या दिवसांत त्यांचे बारीक लॅपटॉप मोठ्या चित्रापुढे मान टाकत, तेव्हा त्याच माझ्याभोवती गोळा होत. मी कुणाला नाही म्हटले नाही. सुष्मिता मला वापरायची भरपूर, पुसायची मात्र कधीच नाही. घरी ती मला वाकळेवर, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधडीवर, ठेवून काम करायची. वाकळेची तूस, तिचे सुटे बारीक धागे, माझ्या जाळ्यांत जात राहिली. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

चौथे वर्ष आले. पंपाच्या साच्यात रस कसा भरतो आणि गॅस कुठे अडकतो, हे गणित करून दाखवायचा तिचा प्रकल्प होता. गणित आठ तासांचे. सोमवारी परीक्षक येणार होते आणि रविवारी पहाटेपासून मी तापून तीनदा बंद पडलो. तिसऱ्या वेळी सुष्मिता रडायलाच लागली.

"अव्वा, तवाच चंदेरी घेतला असतास तर ही पाळी आली नसती! तुझ्यामुळं चार वर्षं हा पाटा वागवला मी!"

रत्नव्वांचा चेहरा उतरला. माझ्यामुळे त्यांना हे ऐकावे लागले, याची मला फार लाज वाटली. भाकरीचे पीठ लागलेला हात त्यांनी माझ्या जाळीमागे धरला.

"वारंच येत न्हाय. वाट बुजलीया. उघड बघू."

सुष्मिताने स्क्रू काढले. रत्नव्वांनी मऊ ब्रशने अंगठ्याएवढा तुशीचा बोळा बाहेर काढला. "नाक दाबून पळ म्हनलं, तर मानूस तरी पळंल व्हय?"

दहा वाजता गणित पुन्हा सुरू झाले. दुपारी रत्नव्वा पडद्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो तर आमचाच माल की!" आणि त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवले. "गॅस हितं अडकणार. हितं तार घालाय पायजे."

"अजून निम्मं बी झालं न्हाय, अव्वा. लॅपटॉप सांगंल."

संध्याकाळी सहाला मी सांगितले. गॅस अडकण्याची खूण म्हणून नेमका तोच कोपरा लाल झाला होता. सुष्मिता कितीतरी वेळ आईच्या बोटांकडे बघत राहिली. मला दोन पंखे आणि आठ तास लागले, तिथे त्यांचे एक बोट पुरले. हरण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सोमवारी प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक सरांच्या नावाखाली सुष्मिताने आणखी एक नाव लिहिले होते: रत्नव्वा मगदूम, कोअर विभाग.

"या कुठल्या कॉलेजच्या?" परीक्षकांनी विचारले.

"रत्नव्वा मगदूम माझी अव्वा आहे, सर. शिरोलीत कोअर करते. उत्तर तिनं आधीच सांगितलं होतं, लॅपटॉपनं फक्त खात्री केली." ती हे सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे बोलली. त्या 'फक्त'चा मला मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, तुमच्या यंत्राला गादीवर किंवा वाकळेवर ठेवू नका. महिन्यातून एकदा त्याच्या जाळ्या साफ करा. आणि ज्या माणसाने ते तुमच्यासाठी निवडले, त्याचे नाव चारचौघांत मोठ्याने घ्या. सुष्मिताच्या तोंडून ते नाव ऐकायला मला चार वर्षे लागली.