बाबांची गादी आणि फळ्यावरचा आकडा

"थांब!" बाबांनी बोट रोखलं आणि नदी थांबली. निदान पुलावर जमलेल्या दोनशे माणसांनी तरी तसंच पाहिलं. चार वाजायला पाच मिनिटं होती. पुलाच्या भिंतीवर बाबांनी मारलेल्या तांबड्या रेघेखाली वीतभर अंतरावर पाणी अडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होत्या सासूबाई. सुनेने कपाळाला हात लावला. ती पुलाशेजारच्या खोलीत नदीची पातळी मोजायची नोकरी करायची. डोंगरावरच्या केंद्रातून दर तासाला पावसाचा आकडा फोनवर यायचा, तो ती बाहेरच्या फळ्यावर लिहायची. सात वर्षांत गावातल्या कुणी त्या फळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हल्ली बाबांचा चेला तेवढा येऊन वहीत काहीतरी उतरवून घ्यायचा. तिला वाटायचं, अभ्यासू दिसतोय बिचारा.

दुसऱ्या दिवशी अकराला फळ्यावर शून्य होतं. बाराला बाबांचं फर्मान सुटलं, "नदी माझ्या शब्दाबाहेर नाही! काठच्या गल्लीतून कुणी हललं, तर माझी कृपा संपली!" सुनेचं घर नेमकं त्याच गल्लीत.

एकला फोन आला. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडून तिथेच रिकामे होत होते. तासाभरात नव्वद मिलिमीटर. तिने तहसील कचेरीत कळवलं, फळ्यावर आकडा लिहिला. तो वाचून चेल्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो वही न मिटताच पळाला.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. डोंगरावरचं पाणी इथे पोचायला सहा तास लागतात. काल वरचा पाऊस दहाला थांबला होता, म्हणजे नदी चारला थांबणारच होती. बाबांनी फक्त चेल्याची वही आणि घड्याळ पाहून बोट रोखलं होतं.

कचेरीचा इशाऱ्याचा भोंगा वाजला, पण गल्ली ढिम्म हलेना. ती धावत घरी गेली.

"आई, उठा. सातपर्यंत पाणी घरात येईल."

"बाबा म्हणालेत, नाही येणार."

"मग नदीकडे बघू नका, बाबांकडे बघा. चला जरा खिडकीशी."

समोरच्या मठातून चेला बाबांची गादी डोक्यावर घेऊन टेकडीची वाट चालत होता. मागे छत्री, पेटी आणि खुद्द बाबा, तेही जवळजवळ पळतच.

सासूबाईंनी खिडकी सताड उघडली. मग खिडकीतूनच ओरडल्या, "अहो बाबा! तुमची कृपा टेकडीवर निघाली वाटतं?" ती हाक अख्ख्या गल्लीने ऐकली. अर्ध्या तासात पोरंबाळं, म्हातारीकोतारी, शेळ्यासुद्धा वरच्या शाळेत पोचल्या.

सात वाजता तांबडी रेघ पाण्याखाली गेली. घरात कमरेइतकं पाणी आलं, पण घरात माणूस नव्हतं. शाळेत सासूबाईंना धडधाकट बसलेलं पाहून सुनेला रडू आलं.

पाणी ओसरल्यावर फळ्यासमोर हीऽऽ गर्दी जमली. सून सगळ्यांना म्हणाली, "नदी कुणाचं ऐकत नाही, बाबांचं नाही आणि माझंही नाही. ती फक्त वरच्या पावसाचा हिशेब पाळते. तो इथे फुकट लिहिलेला असतो. तेवढा वाचत जा."

"वाचू गं," सासूबाई म्हणाल्या, "पण आकडे जरा मोठे काढ. चष्म्याशिवाय दिसत नाहीत."